लिनक्सवर अख्ख्या डेस्कटॉपचं स्केलिंग कीबोर्डवरून: कोणती बटणं, कोणती आज्ञा?

अर्धविराम

ग्नोम डेस्कटॉप, वेलँड सत्र (वेलँड म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा, जुनी ती एक्स११). लॅपटॉप १४ इंची, १९२०×१०८०. एरवी १००% वर चालतं. संध्याकाळी डोळे थकले की १२५% बरं वाटतं आणि शेजारी बसून कुणी बघणार असेल तर १५०% लागतं. दर वेळी सेटिंग्ज उघडा, डिस्प्लेमध्ये जा, स्केल निवडा, लागू करा आणि वर "हे बदल ठेवायचे का?" याला होकार द्या. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबलं की विषय संपतो. तशी एखादी जोडी पूर्ण डेस्कटॉपसाठी बसवता येते का? नवीन काही इन्स्टॉल करायला ना नाही, पण आहे त्यात भागलं तर उत्तम.

रिकामी_फाईल

+१. मलाही हेच हवंय. वाचतोय.

टंकवीर

बसवता येते. पण आधी एक ठरवा: तुम्हाला मोठं काय करायचंय? लिनक्सवर "मोठं दिसणं" तीन वेगवेगळ्या जागी होतं आणि लोक तिन्हींची गल्लत करतात.

पहिलं, फक्त अक्षरं. खिडक्यांची मांडणी, चिन्हं, पट्ट्या जवळपास आहेत तशाच राहतात, फॉन्ट वाढतो. दुसरं, खरं स्केलिंग, म्हणजे सेटिंग्जमधलं १२५-१५०%. यात बटणं, समास, चिन्हं, अक्षरं सगळं एकाच प्रमाणात वाढतं आणि ते प्रत्येक मॉनिटरला वेगळं देता येतं. तिसरं, भिंग. यात मांडणीला हातच लागत नाही, तयार चित्राचा एक भाग ताणून दाखवला जातो.

तुमचा संध्याकाळचा प्रश्न बहुधा पहिल्यानेच सुटेल, आणि ते ग्नोममध्ये आधीपासून आहे. सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट पाहा आणि बदला, तिथे अ‍ॅक्सेसिबिलिटीचा गट उघडा. "अक्षरांचा आकार वाढवा" आणि "कमी करा" अशा दोन ओळी दिसतील. दोन्ही मुळात बंद असतात, म्हणूनच कुणाच्या नजरेला पडत नाहीत. त्यांना सुपर-शिफ्ट-वरचा बाण आणि सुपर-शिफ्ट-खालचा बाण वगळून हवी ती जोडी द्या (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण; त्या दोन बाणांवर खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर पाठवायचं काम असतं). स्क्रिप्ट नको, काही नको. पायऱ्या चारच आहेत: ०.७५, १, १.२५ आणि १.५.

अर्धविराम

अरे वा, हे खरंच तिथे होतं! कंट्रोल-सुपर-अधिक आणि कंट्रोल-सुपर-उणे दिलं. सेटिंग्ज, फाइल्स, टेक्स्ट एडिटर क्षणात बदलले. पण दोन अडचणी. १ आणि १.२५ च्या मध्ये थांबता येत नाही, मला १.१५ च्या आसपास हवंय. आणि एक जुना हिशेबाचा प्रोग्रॅम ढिम्म हलत नाही.

टंकवीर

तो प्रोग्रॅम क्यूटीवर बनलेला असेल (क्यूटी आणि जीटीके हे खिडक्या-बटणं बनवायचे दोन वेगळे संच). ही किल्ली (सेटिंगची नोंद) ग्नोमची आहे. जीटीकेवरचे प्रोग्रॅम तिचं लगेच ऐकतात, क्यूटीवरचे बरेचसे ऐकत नाहीत. त्याला क्यूटी_स्केल_फॅक्टर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेलं मूल्य) देऊन सुरू करावं लागेल. पण तो सुरू होतानाच वाचला जातो, त्यामुळे चालू प्रोग्रॅमला शॉर्टकटने बदलता येणार नाही.

मधल्या पायऱ्या हव्या असतील तर जीसेटिंग्ज ही ग्नोमच्या सेटिंग्ज बदलणारी आज्ञा वापरा. (आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अक्षरं आणि आकडे दोन्ही रोमन.) स्कीमा (सेटिंग्जचा गट) आहे ओआरजी.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस आणि किल्ली टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर. "जीसेटिंग्ज गेट" ने सध्याचा आकडा मिळतो, "जीसेटिंग्ज सेट" ने नवा देता येतो. ०.५ ते ३ च्या बाहेरचा आकडा दिलात तर ती नाकारते, त्यामुळे चुकून बटण दाबून धरलं तरी अक्षर स्क्रीनपेक्षा मोठं होणार नाही.

१.२५ ही एकच पायरी हवी असेल तर सेट करणारी पूर्ण आज्ञा सरळ कस्टम शॉर्टकटमध्ये चिकटवा. वर-खाली करायचं असेल तर छोटी स्क्रिप्ट लागेल: आकडा वाच, त्यात ०.०५ मिळव, परत लिही.

मधली_ओळ

मिळवू नका, यादी ठेवा. दशांशाची बेरीज संगणकात तंतोतंत होत नाही, १.१ मध्ये ०.१ मिळवलं की १.२००००००००००००००२ असं काहीतरी हाती येतं. दिसायला फरक पडत नाही, पण तुमची स्क्रिप्ट "आकडा १.२ आहे का?" असं विचारत असेल तर उत्तर कायम नाही येतं आणि बटण मुकं होतं.

मी ०.९, १, १.१, १.१५, १.२५, १.४, १.५ अशी ओळ स्क्रिप्टमध्येच लिहिली आहे. वाढव म्हटलं की सध्याच्या आकड्यापेक्षा मोठा असा यादीतला पहिला निवडायचा, कमी कर म्हटलं की लहानांतला शेवटचा. तुलना ऑक या छोट्या भाषेत करा, कारण बॅशला (टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणाऱ्या शेलला) अपूर्णांक कळत नाहीत. यादीच्या टोकाला पोचलं की काहीच करायचं नाही. परत पहिल्यावर जाऊ देऊ नका, अक्षर मोठं होता होता अचानक बारीक झालं की दचकायला होतं.

आणि तिसरं बटण हवंच: थेट १ वर आणणारं. ब्राउझरमधल्या कंट्रोल-शून्यासारखं. "जीसेटिंग्ज रीसेट" आणि किल्लीचं नाव, एवढीच आज्ञा.

रिकामी_फाईल

स्क्रिप्ट लिहिली. टर्मिनलमधून चालते, शॉर्टकटवरून चालत नाही. कुठे पाणी मुरतंय?

मधली_ओळ

शॉर्टकटच्या चौकटीत काय लिहिलंय?

रिकामी_फाईल

टिल्डचं चिन्ह, मग तिरकी रेघ, मग बिन फोल्डर आणि स्क्रिप्टचं नाव.

मधली_ओळ

तिथेच. ग्नोम ती ओळ शेलला देत नाही, शब्द वेगळे करून थेट प्रोग्रॅम सुरू करतं. त्यामुळे टिल्ड म्हणजे घर हे त्याला कळत नाही, पाइपही चालत नाही, डॉलरचे व्हेरिएबलही नाहीत. होमपासूनचा पूर्ण मार्ग लिहा. दोन आज्ञा जोडायच्याच असतील तर "एसएच -सी" लिहून पुढचं सगळं अवतरणात घाला. फाइलला चालवण्याची परवानगी दिली आहे ना? सीएचमॉड?

रिकामी_फाईल

पूर्ण मार्ग दिला, झालं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

काळी_खिडकी

एवढा खटाटोप कशाला? एक्सरँडर ही एक्स११ ची डिस्प्ले बदलणारी आज्ञा आहे ना. एका ओळीत स्केल बदलतं, सगळ्या प्रोग्रॅमवर लागू होतं, जीटीके-क्यूटी असा भेदभाव नाही.

टंकवीर

धागाकर्ता वेलँडवर आहे. तिथे एक्सरँडर फक्त एक्सवेलँडची (वेलँडवर जुने एक्स प्रोग्रॅम चालवणाऱ्या थराची) खोटी स्क्रीन पाहतं, खऱ्या डिस्प्लेला हात लावू शकत नाही. शिवाय ग्नोम ४९ पासून एक्स११ चं सत्र मुळातच बंद करून येतं. ज्यांचं आज एक्सवर चालतंय त्यांना उद्या हे शोधावं लागणारच आहे.

काळी_खिडकी

एक्सएफसीई डेस्कटॉप आणि आयथ्री विंडो मॅनेजर वापरणारे आम्ही अजून हयात आहोत हो. धागा "लिनक्सवर" आहे, "ग्नोमवर" नाही, म्हणून आमच्यासारख्यांसाठी लिहितो.

एक्सरँडरमधला स्केल उलटा चालतो, यात भले भले फसतात. ०.८×०.८ दिलं की सगळं मोठं दिसतं, १.२५×१.२५ दिलं की लहान. कारण तो आकडा स्क्रीनवरचं चित्र किती मोठ्या कागदावर काढायचं ते सांगतो. १९२०×१०८० ला ०.८ दिलंत की चित्र १५३६×८६४ चं काढलं जातं आणि मग ताणून पूर्ण पडद्यावर बसवलं जातं. शॉर्टकटला द्यायला सोपं, लगेच लागू होतं, परत १×१ दिलं की पूर्वपदावर.

मधली_ओळ

आणि अक्षरं धुरकट होतात. ताणलेलं चित्र ते ताणलेलंच. देवनागरीत तर अनुस्वार आणि रफार आधी मार खातात. कुणाला पडद्यावर काही दाखवण्यापुरतं पाच मिनिटं ठीक, दिवसभर वाचायला नाही.

काळी_खिडकी

मान्य, वाचायला नाही. वाचायचं असेल तर एक्सएफसीईत डीपीआय (इंचाला किती ठिपके, तो आकडा) बदला, ते स्वच्छ दिसतं. आज्ञा एक्सएफकॉन्फ-क्वेरी, चॅनल एक्ससेटिंग्ज, गुणधर्म एक्सएफटी/डीपीआय. ९६ म्हणजे १००%, १२० म्हणजे १२५%, १४४ म्हणजे १५०%, १९२ म्हणजे दुप्पट. चालू असलेले जीटीके प्रोग्रॅमही लगेच बदलतात. सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या शॉर्टकट टॅबमध्ये तीन ओळी टाकल्या की झालं.

आयथ्रीसारख्या नुसत्या विंडो मॅनेजरवर बदल चालू प्रोग्रॅमना कळवणारा निरोप्या नसतो. तिथे एक्सरिसोर्सेस फाइलमध्ये एक्सएफटी.डीपीआय लिहून एक्सआरडीबी आज्ञेने भरलं तरी आधीच उघडे असलेले प्रोग्रॅम जुन्याच आकारात राहतात. एक्ससेटिंग्जडी हा निरोप्या चालवला तर जीटीकेपुरतं काम होतं, पण त्याच्या फाइलमध्ये तोच आकडा १०२४ ने गुणून लिहावा लागतो: ९६ चे ९८३०४, १२० चे १२२८८०. १२० असंच लिहिलंत तर अक्षरं शोधायला भिंग लागेल.

शेवटचा_बाक

केडीई प्लाझ्मा डेस्कटॉपवाले कुणी नाहीत का इथे? आमच्याकडे सगळ्यात सरळ आहे. वेलँड सत्रात केस्क्रीन-डॉक्टर नावाची आज्ञा असते. -ओ लावून चालवली की जोडलेल्या डिस्प्लेंची नावं मिळतात; लॅपटॉपची स्क्रीन बहुधा ईडीपी-१. मग "आउटपुट", टिंब, डिस्प्लेचं नाव, टिंब, "स्केल", टिंब, १.२५ असा एकच शब्द तिला द्यायचा, मध्ये कुठेही जागा सोडायची नाही. खरं स्केलिंग, तेही तत्क्षणी, "ठेवायचं का?" हा प्रश्न न विचारता.

शॉर्टकट: सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट्स, नवीन जोडा, आज्ञा किंवा स्क्रिप्ट.

सध्याचं स्केल स्क्रिप्टमध्ये वाचायचं असेल तर -ओ चं उत्तर कापत बसू नका. त्यात रंगांचे अदृश्य संकेत मिसळलेले असतात, ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा) हमखास चुकतो. -जे लावा, जेसॉन या ठरावीक साच्यात मिळतं, जेक्यू आज्ञेने हवा तो आकडा काढा.

अर्धविराम

हेवा वाटतोय! ग्नोममध्ये असं खरं स्केल बदलणारी आज्ञा नाही का? अक्षरांचं जमलं, पण १५०% ला मला सगळंच मोठं हवंय. टेक्स्ट-स्केलिंग १.५ केलं की काही डायलॉगमधला मजकूर कापला जातो.

टंकवीर

आहे, आवृत्ती ४८ असेल तर. मटर या ग्नोमच्या कंपोझिटरबरोबर (खिडक्या एकत्र करून पडदा रंगवणाऱ्या भागाबरोबर) तेव्हापासून जीडीसीटीएल ही आज्ञा येते. "जीडीसीटीएल शो" ने डिस्प्ले दिसतात. "जीडीसीटीएल सेट" ला क्रमाने सांगायचं: लॉजिकल-मॉनिटर, प्रायमरी, मॉनिटर ईडीपी-१, स्केल १.५, प्रत्येकाच्या आधी दोन उणे चिन्हं.

एक धोका लक्षात ठेवा. ही आज्ञा "एवढंच बदल" असं समजत नाही, पूर्ण मांडणी नव्याने लिहिते. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना फक्त ईडीपी-१ चं नाव घेतलंत तर दुसरा काळा होईल. दोन्ही सांगा, दुसरा कुठल्या बाजूला आहे तेही सांगा. पर्सिस्टंट हा पर्याय लावला नाही तर बदल त्या सत्रापुरता राहतो. शॉर्टकटसाठी तेच बरं, बटणांनी चाळे करून काही बिघडलंच तरी पुन्हा लॉगिन केल्यावर कायमची मांडणी परत मिळते.

त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये डीबसवर (प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप द्यायची सोय) मटरच्या डिस्प्लेकॉन्फिगला पायथनमधून निरोप धाडावा लागायचा. चालतं, पण चार ओळींचं काम नाही.

शेवटचा_बाक

१.७५ देऊन बघा, गंमत आहे.

अर्धविराम

ते बाहेरच्या ४के मॉनिटरवर दिलं. नाकारलं! शो च्या यादीत १.७५ नाहीच, १.७५१८ की काय असा विचित्र आकडा आहे.

मधली_ओळ

तो विचित्र नाही, हिशेबी आहे. स्केलने भागल्यावर लांबी-रुंदी दोन्ही पूर्णांकात यायला हव्यात. ३८४० ला १.७५ ने भागलं की २१९४.२८ येतात. अर्धामुर्धा पिक्सेल कुठून आणणार? म्हणून ग्नोम जवळपासचा असा आकडा शोधतं की भागाकार नेमका २१९२×१२३३ येतो. तो १.७५१८२४८ च्या घरातला. १.२५ आणि १.५ ला हा त्रास नाही: ३०७२×१७२८ आणि २५६०×१४४०.

तेव्हा स्क्रिप्टमधली यादी मनाने लिहू नका, शो मध्ये तुमच्या मॉनिटरसाठी जे आकडे दिसतात तेच उचला. हायपरलँड हा कंपोझिटरही याच कारणाने काही स्केल नाकारतं.

रिकामी_फाईल

बाळबोध प्रश्न: सगळ्या मॉनिटरना मिळून एकच आकडा का चालत नाही? एकच शॉर्टकट, विषय संपला.

मधली_ओळ

दाटी वेगळी असते म्हणून. धागाकर्त्याची १४ इंची १९२०×१०८० म्हणजे इंचाला साधारण १५७ पिक्सेल. तेच पिक्सेल २४ इंचांवर पसरले की इंचाला ९२. लॅपटॉपवर १५०% केलं ते मोठ्या मॉनिटरवर लावलंत तर तिथे अक्षरं पाटीवर गिरवल्यासारखी दिसतील. म्हणूनच टेक्स्ट-स्केलिंग दोन मॉनिटरवाल्यांना अपुरं पडतं, ते सगळीकडे सारखंच लागतं.

अर्धविराम

दीडपट केल्यावर पंखा जास्त फिरतो असं वाटतंय. भास?

मधली_ओळ

भास असेलच असं नाही. ज्या प्रोग्रॅमला अपूर्णांकातलं स्केल कळत नाही तो पुढच्या पूर्णांकाला चित्र काढतो आणि कंपोझिटर ते आक्रसतो. तुमच्या स्क्रीनवर १.५ म्हणजे हिशेबाला १२८०×७२०; प्रोग्रॅम त्याच्या दुप्पट, २५६०×१४४० काढणार आणि ते १९२०×१०८० वर बसवलं जाणार. पूर्ण पडदाभर खिडकी असेल तर पाऊणपटीहून जास्त पिक्सेल फुकट रंगवले गेले. २०२२ च्या अखेरीस वेलँडमध्ये अपूर्णांक स्केलिंगचा प्रोटोकॉल आला. त्यात कंपोझिटर प्रोग्रॅमला नेमका आकडा कळवतो, तोही १२० च्या छेदात. जे प्रोग्रॅम तो पाळतात ते थेट नेमक्या मापात काढतात आणि रेखीव दिसतात. एक्सवेलँडमधून चालणारे जुने प्रोग्रॅम मात्र याच्या बाहेर. ग्नोम त्यांना एकपटीत काढून फुगवतं, म्हणून धूसर. ग्नोम ४७ मध्ये यासाठी एक प्रायोगिक सोय आली, एक्सवेलँड-नेटिव्ह-स्केलिंग. केडीईत "जुने प्रोग्रॅम स्वतः स्केल करोत" असा पर्याय डिस्प्लेच्या पानावरच आहे.

वळणवाट

स्वे (वेलँडवरचा आयथ्रीसारखा विंडो मॅनेजर) वापरणाऱ्यांसाठी: स्वेएमएसजी, आउटपुट, ईडीपी-१, स्केल, १.२५. कॉन्फिगमध्ये बाइंडसिमपुढे (बटणाला आज्ञा जोडणारा शब्द) हीच ओळ, एक्झेकचीसुद्धा गरज नाही, कारण आउटपुट ही स्वेचीच आज्ञा आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. सुपर आणि बरोबरच्या चिन्हावर हे लावलंय. इंग्रजीत टंकताना चालतं, मराठी इनस्क्रिप्टवर गेलं की मरतं.

मधली_ओळ

कारण इनस्क्रिप्टमध्ये त्या बटणावर बरोबरचं चिन्ह नसतंच, ृ असतो. बाइंडसिम अक्षराची वाट बघतो, बटणाची नाही. बाइंडसिमच्या पुढे टू-कोड हा पर्याय लावा. मग तो पहिल्या लेआउटमधलं अक्षर बघून बटणाचा क्रमांक लक्षात ठेवतो आणि नंतर लेआउट कुठलाही असो, चालतं. इनपुटच्या यादीत इंग्रजी पहिलं हवं, एवढं बघा.

वळणवाट

चाललं! ऱ्हस्व-दीर्घ सोडून सगळं आता कीबोर्डवरून सुधारता येतंय.

मंद_प्रकाश

टंकवीर यांनी सुरुवातीला भिंगाचा उल्लेख करून सोडून दिला. मला नजरेचा त्रास आहे, त्यामुळे माझं रोजचं काम त्यावरच चालतं, म्हणून भर घालते.

ग्नोममध्ये सुपर-ऑल्ट-८ ने भिंग चालू-बंद, सुपर-ऑल्ट-बरोबर ने वाढवा, सुपर-ऑल्ट-उणे ने कमी. काही बसवायला लागत नाही. केडीईत सुपर-बरोबर, सुपर-उणे आणि पूर्ववत करायला सुपर-शून्य. एक्सएफसीईत ऑल्ट दाबून माउसचं चाक फिरवा.

स्केलिंग वाढवलं की पडद्यावर मावणारा मजकूर कमी होतो, प्रत्येक पान नव्याने मांडलं जातं आणि मी वाचत होते ती ओळ कुठेतरी निघून जाते. भिंगात मांडणी हलत नाही, सगळं जागच्या जागी असतं. फोटोतली बारीक अक्षरं किंवा मोठी न होणारी खिडकी असेल तर भिंगाला पर्याय नाही. उलट सलग वाचनाला भिंग त्रासदायक, ओळीच्या टोकापर्यंत सतत सरकावं लागतं. म्हणून मी टेक्स्ट-स्केलिंग कायम १.४ वर ठेवते आणि भिंग वेळेपुरतं काढते.

केडीईवाल्यांनी वर सांगितलेली आज्ञा सुपर-बरोबर वर लावू नये, हे भिंग हातचं जाईल. मला ते परत शोधायला फार वेळ लागला असता.

शेवटचा_बाक

खरंय, कंट्रोल-सुपर घ्या. आणखी एक: डॉकवर अवलंबून असाल तर डिस्प्लेची नावं पक्की धरू नका. तोच मॉनिटर आज डीपी-३, डॉक काढून लावलं की डीपी-५. जेसॉनमधून जोडलेल्यांची नावं त्या वेळी वाचा.

अर्धविराम

आता दोन जोड्या झाल्या: अक्षरांसाठी एक, जीडीसीटीएलच्या १ आणि १.५ साठी दुसरी. पाहुणा आला की दुसरी दाबतो. फक्त लॉगिनच्या पडद्यावर यातलं काहीच लागू होत नाही, तिथे अजून बारीकच.

टंकवीर

तो पडदा तुमच्या खात्यावर चालत नाही, जीडीएम या लॉगिन प्रोग्रॅमच्या वेगळ्या वापरकर्त्यावर चालतो, त्यामुळे तुमचे शॉर्टकट आणि सेटिंग्ज त्याला दिसतच नाहीत. तिथे वरच्या पट्टीत अ‍ॅक्सेसिबिलिटीचं चिन्ह आहे, त्यातून "मोठी अक्षरं" चालू करा. ते म्हणजे तेच १.२५.

शेवटचा_बाक

लॉगिनचा प्रोग्रॅम एसडीडीएम असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये लॉगिन स्क्रीनच्या पानावर "प्लाझ्माच्या सेटिंग्ज लागू करा" हे बटण आहे. पासवर्ड मागेल.